आवाजावर उतरलेलं विमान

दादा दातांच्या कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि हा बाहेरच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून, कुणाचे समोरचे दोन तर कुणाची अख्खी खालची रांग घडवत बसायचा. त्याच टेबलावर कवळ्यांच्या शेजारी त्याची विमानं तयार व्हायची. हलक्या लाकडाची, रिमोटवर उडणारी, काही तर दोन्ही हात पसरले तरी पंख मावणार नाहीत एवढी मोठी. वहिनी म्हणायची, "या घरात जेवायला जागा नाही, पण विमानतळ आहे."

एका रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला तो तिच्या नणंदेला. "वन्सं, आधी दवाखान्यात या. मग सांगते."

ही नणंद म्हणजे दादाची बहीण. वय एकोणपन्नास, अंगापिंडानं चांगली भक्कम, आवाज तर असा की गल्लीच्या टोकाला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतून ओ यायची. तरी दादाच्या तोंडी अजून ती छोटीच. लोखंडाच्या मोठ्या गोदामात ती क्रेनला इशारे द्यायची. क्रेन चालवणारा वर काचेच्या खोक्यात बसलेला असतो, त्याला खालचा माल धड दिसत नाही. छोटी सांगेल तसं तो उचलणार, छोटी सांगेल तिथे ठेवणार. बावीस वर्षांत तिच्या पाळीत कुणाच्या पायावर साधी सळईसुद्धा पडली नव्हती.

दवाखान्यात दादा पांढराफटक होऊन बसला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना नऊ टाके.

"काय केलंस?"

"काही नाही गं. नवी मोटर बसवली होती, उलटी फिरते की सुलटी ते बघत होतो. बॅटरी जोडली आणि बाहीचा धक्का लागून रिमोटची वेगाची दांडी वर गेली. विमान टेबलावरून सुटलं. मी सवयीनं झेलायला गेलो."

"विमानाच्या नाकावरचा पंखा लावलेलाच होता?"

दादानं बांधलेला हात मांडीआड सरकवला.

"दादा, घरात, टेबलावर, पंखा लावून बॅटरी जोडलीस? अरे, आमच्याकडे मशीन दुरुस्त करताना आधी मुख्य खटका पाडून त्याला कुलूप लावतात. किल्ली ज्याचे हात आत, त्याच्या खिशात!"

"खेळणं आहे ते."

"खेळण्यानं नऊ टाके पडत नाहीत."

शिरा वाचल्या होत्या, पण सहा आठवडे काम बंद. वहिनीनं त्याच संध्याकाळी विमानं गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि किल्ली आपल्या बटव्यात टाकली. दादा नुसता रिकाम्या टेबलाकडे बघत बसला. भांडला असता तर छोटीला बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी तिलाच राहवेना. ती म्हणाली, "चल, मला तुझं ते मैदान दाखव. बघू तरी काय आहे."

गावाबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या मागे, गवत कापून केलेली लांब पट्टी होती. पंधरा-वीस हौशी माणसं जमायची. त्यांचे म्होरके होते मास्तर, भूमितीचे निवृत्त शिक्षक. सगळ्यांत मोठं विमान बर्फाचा कारखाना चालवणाऱ्याचं. त्याला सगळे बर्फवालाच म्हणायचे. अडीच मीटर पंखांचं, पेट्रोलवर चालणारं ते धूड सुरू झालं की मैदानभर गुरगुर व्हायची.

छोटी तासभर हाताची घडी घालून बघत राहिली. कुणी चालू पंख्यासमोर वाकून गप्पा मारत होतं. उडवणारे जिकडेतिकडे विखुरलेले, एक तर पट्टीच्या मधोमध. बघे मोकाट फिरत होते. एक विमान उभ्या गाड्यांवरून दोनदा घरघरत गेलं. एकाच्या बॅटऱ्या गाडीच्या सीटवर चार्ज होत होत्या आणि मालक चहा प्यायला गेलेला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या इथं अजून कुणी मेलं कसं नाही?"

बर्फवाला हसला. "ताई, हे लोखंड नाही. दोन-चार किलोचं लाकूड आहे."

"तुमचं किती किलोचं?"

"माझं... अकरा."

"आणि वेग?"

"ताशी शंभरच्या वर जातं!" तो छाती काढून म्हणाला आणि मग आपण काय बोललो हे त्यालाच कळलं. हात दाखवून अवलक्षण.

पुढच्या रविवारी छोटी गोदामातला जाड कातडी हातमोजा घेऊन आली. त्याच्या पाचही बोटांत तिनं गाजरं भरली होती. दादाचं मधल्या आकाराचं विमान तिनं वहिनीकडून मागून आणलं होतं, "एकदाच, आणि उडवायला नाही" या अटीवर. ते खुंट्यांना पक्कं बांधलं, सगळ्यांना मागे सारलं, मास्तरांना मोटर सुरू करायला सांगितली आणि लांब काठीला बांधलेला मोजा हळूच पंख्यात सरकवला.

टर्रर्र असा एकच आवाज झाला. गाजराचा एक तुकडा बर्फवाल्याच्या चष्म्यावर येऊन चिकटला. मोज्याची तीन बोटं गायब होती.

कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी नकळत आपापले हात खिशात घातले.

मास्तरांनी घसा साफ केला. "ताई, काय करायला हवं ते तुम्ही सांगा. आम्ही लिहून घेतो."

"लिहू नका. चला, आत्ताच करू."

दुपारपर्यंत पट्टीच्या कडेला पांढरी दोरी ताणली गेली. उडवणाऱ्यांनी दोरीशी एका रांगेत उभं राहायचं, बघ्यांनी त्यांच्या मागे बरंच लांब, गाड्या त्याहून मागे. दोरीच्या अलीकडे विमान आणायचं नाही, डोक्यावरून तर नाहीच. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी, काढताना उलट. रिमोट मुद्दाम बंद करून बघायचा, इंजिन आपोआप थंडावलं नाही तर ते विमान त्या दिवशी जमिनीवर. बॅटऱ्यांसाठी दादानं वाळू भरलेला पत्र्याचा डबा आणला आणि चार्ज होईपर्यंत शेजारी एक माणूस बसलाच पाहिजे असं ठरलं. शेवटी छोटी म्हणाली, "आणि एकट्यानं उडवायचं नाही. शेजारी दुसरा हवा. उडवणारा फक्त आपलं विमान बघतो. बाकीचं जग बघायला कुणीतरी नको?"

"मला या वयात दाई नको," बर्फवाला पुटपुटला.

"दाई नव्हे, डोळे," छोटी म्हणाली.

नियम करणं सोपं, ते पाळून घेणं म्हणजे बेडकं तागडीत तोलण्यासारखं. पण छोटीचा आवाज होता. कुणी दोरी ओलांडली की मैदानभर "ओऽऽ निळा शर्ट!" असा गजर व्हायचा आणि निळा शर्ट जागच्या जागी थिजायचा. महिनाभरात लोक तिला बघूनच मागे सरकायला लागले.

मग एके दिवशी मास्तरांनी तिच्या हातात आपल्या विमानाचा रिमोट दिला. "बाहेरून किती दिवस ओरडणार? शिका."

एका तारेनं दोन रिमोट जोडलेले. ती चुकली की मास्तर आपल्याकडे ताबा घ्यायचे. विमान लांब जाताना सगळं ठीक, पण तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागलं की डावं उजवं होऊन जायचं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी ताबा घेईपर्यंत विमान काटेरी झुडपात जाऊन बसलंसुद्धा.

"समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसतो," मास्तर काटे काढत म्हणाले, "दांडी त्याच बाजूला न्यायची. त्या पंखाला खालून टेकू दिल्यासारखी."

"हे आधी सांगायचं ना, मास्तर!"

"काट्यांशिवाय लक्षात राहत नाही."

तोवर दादाची बोटं वळायला लागली होती. दात पुन्हा घडू लागले. मैदानावरच्या मित्रांच्या मोटरी दुरुस्त करताना तो आधी पंखा काढून चक्क वहिनीच्या हातात द्यायचा. वहिनीनं महिनाभर हे बघितलं आणि एके दिवशी गच्चीची किल्ली टेबलावर आणून ठेवली. तोंडानं मात्र एवढंच म्हणाली, "धूळ बसली असेल. पुसून घ्या."

वार्षिक प्रदर्शनाचा दिवस आला. मागच्या वर्षी एक विमान शेजारच्या माणसाच्या गाडीच्या टपावर आदळलं होतं आणि तेव्हापासून मैदानाची परवानगी लटकली होती. त्यामुळे यंदा परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याच्या बाई स्वतः येऊन बसल्या होत्या, पुढच्या रांगेत, मांडीवर फाईल. मागे तीनेकशे माणसं, पोरंबाळं, म्हातारेकोतारे. वहिनीसुद्धा आली होती, हातातली पिशवी घट्ट धरून. कार्यक्रमाच्या शेवटी छोटीचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. 

साडेचारला बर्फवाल्याची पाळी. दुसऱ्याला उभं करायचा त्याला कंटाळा, म्हणून नियमाप्रमाणे छोटीच त्याच्या उजव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बोलू नका फक्त."

विमान सुरेख चढलं. दोन गोलांट्या, एक उलटी फेरी. टाळ्या झाल्या. टाळ्यांनी माणूस फुगतोच. त्यानं विमान अजून उंच नेलं आणि कलत्या उन्हातून, नेमकं सूर्याच्या तबकडीतून काढलं. नजर विमानावर खिळलेली, ती सरळ सूर्यात गेली.

"गेलं," तो हलकेच म्हणाला. मग जोरात, "ताई, मला दिसत नाही. डोळ्यांपुढे सगळं काळं! कुठं आहे?"

त्याची पाचावर धारण बसली होती. विमान उन्हातून बाहेर पडलं होतं, एका अंगावर कललेलं, थेट लोकांच्या दिशेनं. छोटीला ते स्पष्ट दिसत होतं.

बावीस वर्षं ती जे करत आली होती तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. आवाज चढला नाही, उलट जड आणि संथ झाला.

"मी बघतेय. वेग निम्मा कर. उजवी दांडी डावीकडे. अजून. अजून थोडी. धर तिथंच."

त्याचे अंगठे हलले. विमानाचा झुकलेला पंख उचलला गेला, मग दुसरा खाली गेला. तोंड लोकांकडून वळायला लागलं.

"धर. धर... ओढ जराशी. आता मधे सोड."

अकरा किलोचं धूड दोरीच्या पलीकडून, पट्टीला समांतर, गुरगुरत निघून गेलं. दोरीपासून चाळीस पावलांवर. पुढे मोकळं कुरण होतं. माणूस नाही, जनावर नाही, गाडी नाही.

"इंजिन बंद कर."

"ताई, तीन वर्षं लागली मला ते बनवायला. अर्ध्या मिनिटात दिसायला लागेल, मी पट्टीवर..."

"बंद कर!"

त्यानं बंद केलं. गुरगुर थांबली आणि मैदानावर एकदम वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

"छान. किंचित उजवीकडे. सोड. येतंय खाली, सरळ येतंय. थांब... थांब... आता ओढ, हळू, अंडं उचलल्यासारखं. अजून ओढ. बास!"

कुरणातलं उंच गवत दुभंगलं आणि विमान त्यात खसकन घुसून थांबलं.

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, इंजिन बंद करून उतरवणं हा कार्यक्रमाचाच भाग. रांगेतल्या हौशी मंडळींच्या मात्र जिवात जीव आला होता.  बर्फवाला डोळे चोळत होता, पाणी वाहत होतं. ते उन्हानं आलं की आणखी कशानं, हे कुणी विचारलं नाही.

"मोडलं?" त्यानं विचारलं.

धावत गेलेला दादा गवतातून ओरडला, "पंखा तुटलाय, एक चाक वाकलंय! बाकी सगळं शाबूत!"

बर्फवाला छोटीकडे वळून म्हणाला, "तुम्ही मला अरे-तुरे केलंत."

"कामाच्या वेळी मी सगळ्यांनाच करते."

"मग तेच ठेवा," तो म्हणाला आणि हात जोडून तिच्यासमोर वाकला. तीनशे माणसांदेखत.

मास्तरांनी छोटीला बाजूला घेतलं. "खात्याच्या बाईंना काही कळलेलं दिसत नाही. आपणही..."

"नाही मास्तर," छोटी म्हणाली आणि सरळ पुढच्या रांगेत गेली. "बाई, आत्ता जे झालं तो खेळ नव्हता. आमचा माणूस सूर्यात बघून बसला आणि विमान तुमच्यावर येत होतं. यापुढे दुपारनंतर आम्ही उन्हाच्या बाजूला उडवणार नाही. रांग फिरवून पलीकडे नेऊ, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा असेल. हे आज शिकलो."

बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "त्याला दिसत नव्हतं, तर उतरवलं कुणी?"

"त्यानंच. मी फक्त सांगत होते."

बाईंनी फाईल उघडली, सही केली आणि कागद मास्तरांऐवजी छोटीच्या हातात दिला. "परवानगी तीन वर्षांची आहे. जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव लिहिते. चालेल?"

वहिनी मागून म्हणाली, "न चालायला काय झालं! चालेल!"

ऊन उतरेपर्यंत सगळे थांबले. सूर्य भट्टीच्या भिंतीआड गेल्यावर छोटी दोरीशी उभी राहिली. मास्तर तिच्या शेजारी, पण त्यांचे हात पाठीमागे बांधलेले. तार नाही, दुसरा रिमोट नाही. दादानं विमान पट्टीवर ठेवलं, मागे सरकला आणि हात वर केला.

छोटीनं वेग दिला. विमान गवतावरून धावलं, उसळलं, उठलं. पहिलं वळण भलतंच मोठं झालं. दुसरं बरं. तिसऱ्या फेरीला विमान तोंड करून तिच्याकडे आलं, एक पंख झुकला, आणि तिची दांडी विचार न करता त्या बाजूला गेली. विमान आज्ञाधारकासारखं सरळ झालं. लोक ओरडत होते, दादा ओरडत होता. तिला फक्त मास्तरांचा आवाज ऐकू येत होता, "पट्टी मोकळी आहे. या."

"उतरतेय!" ती गरजली. भट्टीवरची कबुतरं उडाली.

चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली. विमान पट्टीच्या मध्यावर येऊन उभं राहिलं. वहिनी पिशवीसकट टाळ्या वाजवत होती. दादा दोन्ही हात वर करून नाचत होता, टाके पडलेली बोटंही त्यात होती.

छोटीनं वेगाची दांडी पूर्ण खाली आहे ना ते दोनदा बघितलं. मग वळून म्हणाली, "दादा, भरलेली बॅटरी अजून आहे का रे एखादी?"