तारखेमागून आलेलं वऱ्हाड

दाक्षायणीला सोलापुरातल्या त्या चादरीच्या कारखान्यात लागून दोनच महिने झाले होते. नक्षी काढायचा प्रोग्राम सिद्धूसरांनी आठ वर्षांपूर्वी लिहिलेला. तो उघडायला साडेतीन मिनिटं लागायची. "कॉम्प्युटर म्हातारा झालाय," असं सिद्धूसर सांगायचे आणि मालक मडिवाळप्पा मान डोलवायचे.

सोमवारी दाक्षायणीनं एक केलं. प्रोग्राम सुरू होताना कुठकुठली मॉड्यूल्स, म्हणजे त्याचे सुटे भाग, आत घेतो, त्यांची नावं पडद्यावर दिसतील अशी सोय केली. मालक मागं उभे राहून मोठ्यानं वाचू लागले.

"रंग... धागा... किनार... तारीख... पंचांग... गुणमेलन... मंगळदोष..." ते थांबले. "सिद्धू, चादरीला मंगळ कशाला लागतो रे?"

सिद्धूसरांचे कान लाल झाले. "मामाच्या वधू-वर केंद्राचा प्रोग्राम मीच लिहिलेला. लेबलवर छापायला तारीख पाहिजे होती, ती तिथनं घेतली. फक्त तारीख!"

"सर, तारखेला पंचांग लागतं, पंचांगाला गुणमेलन, आणि गुणमेलन सुरू झालं की सगळ्या स्थळांच्या पत्रिका जुळवतं," दाक्षायणी म्हणाली. "तुम्ही एकाला बोलावलं, अख्खं वऱ्हाड आलं."

प्रोग्रामबरोबर आलेली मामाच्या केंद्राची स्थळं अकराशे. रोज सकाळी प्रत्येक मुलाची प्रत्येक मुलीशी पत्रिका जुळत होती, आणि निकाल एका फोल्डरमध्ये मुकाट पडत होता. तो तिनं उघडला. लेबलं शिवणाऱ्या गुरम्मामावशी हातातलं काम टाकून आल्या.

"अगं, हे तर आपल्या सिद्धूचं नाव हाय की!"

मामानं भाच्यालाही यादीत घातलं होतं. वैरागची सिद्धेश्वरी, छत्तीसपैकी तेहतीस गुण. आठ वर्षं, रोज. सिद्धूसर अजून बिनलग्नाचे. ते स्टुलावर बसले.

"नंबर हाय न्हवं? लाव," मावशी म्हणाल्या. सर नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतःच फोन लावला. पलीकडं सिद्धेश्वरीच होती. तिला दोन मुलं, थोरला दुसरीत. मावशींनी सगळा घोटाळा सांगितला. पलीकडची बाई खळखळून हसली.

"काय म्हणती?" मालकांनी विचारलं.

"म्हणती, माझं ऱ्हाऊ द्या. नणंद हाय लग्नाची. रविवारी या."

दाक्षायणीनं दुपारी तारखेसाठी चार ओळी नव्यानं लिहिल्या. प्रोग्राम चार सेकंदांत उघडला.

"झालं सर. ते गुणमेलन काढून टाकू?"

"कारखान्यातनं काढ," सिद्धूसर हळूच म्हणाले, "पण आधी मला एक प्रत दे. त्या नणंदेची पत्रिका तर जुळवून बघायला पाहिजे ना."