मांजरछाप लिली

मुकादम आठ दिवस आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं, तेव्हाच मी नवऱ्याला बजावलं होतं. तुझ्या बहिणीचा बोका मी सांभाळीन, पण तिच्या सूचना सांभाळायला मला सवड नाही. तो मोबाइलमधून मान वर न करता ‘बरं’ म्हणाला. रविवारी वन्सं आल्या. एका हातात मुकादमाची टोपली, दुसऱ्या हातात दोन पानांची यादी, तीही पाठपोट लिहिलेली. लेकीकडे निघाल्या होत्या आठ दिवसांसाठी, पण यादी पाहून वाटावं की बाई जग सोडून चालल्यात.

वन्संचं सगळं आयुष्य कॉलेजच्या लायब्ररीत गेलं. प्रत्येक गोष्टीला क्रमांक दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. यादी त्यांनी स्वतःच्या हातानं आमच्या फ्रिजवर चिकटवली आणि मला समोर उभं करून वाचून दाखवली. कांदा-लसूण घातलेला घासही द्यायचा नाही. चॉकलेट नाही, द्राक्षं नाहीत. डांबरगोळ्या कपाटातून काढून टाकायच्या. फिनेलनं पुसलेली फरशी वाळेपर्यंत त्याला खोलीबाहेर ठेवायचं, कारण तो पाय चाटतो. सुई-दोरा उघडा ठेवायचा नाही. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात फिरवून बघायचा. डोकेदुखीची गोळी हातातून पडली तर आधी गोळी शोधायची, मग डोकं धरून बसायचं.

“आणि या कुंड्या,” वन्सं खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा मनीप्लांट त्यानं चावला तर तोंड सुजेल त्याचं. हलव इथून.”

“वन्सं, माझी दोन मुलं याच फरशीवर रांगली,” मी म्हणाले. “त्यांनी खडू खाल्ले, साबण चाटला. दोघंही धडधाकट आहेत.”

“मुलं सांगू शकतात गं, पोटात दुखतंय म्हणून. हा लपून बसतो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ज्या बाईनं माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्री जागवल्या तिला उलटून काय बोलणार? कुंड्या शेजारणीकडे गेल्या. डांबरगोळ्या कचऱ्यात गेल्या. शिलाई मशीनला मी जुनी चादर गुंडाळली. नवऱ्याच्या गुडघेदुखीच्या गोळ्या डब्यात घालून वरच्या फळीवर टाकल्या, तर तो गुडघा धरून स्टुलावर चढायला लागला.

मुकादम म्हणजे करड्या रंगाचं सहा किलोंचं प्रकरण. स्वतः काडीचं काम करणार नाही, पण दुसरा काम करत असला की समोर येऊन बसणार आणि नीट चाललंय की नाही ते बघणार. मी भांडी घासायला लागले की हा ओट्याच्या टोकाला. नवरा बूट पॉलिश करायला बसला की हा बुटाला नाक लावून. तीन दिवसांत मला त्याची सवय झाली. चौथ्या दिवशी मी कामावरून येईपर्यंत तो दारामागे बसून होता असं नवरा म्हणाला, आणि मला उगाचच बरं वाटलं.

मी फुलांच्या दुकानात काम करते. सतरा वर्षं झाली. माल आला की खोकी उघडायची, देठं तिरकी कापायची, बादल्यांत पाणी भरायचं, गुच्छ बांधायचे. लिलीचं काम खास माझ्याकडे. लिली उमलली की तिच्या मधोमध परागाची सहा तपकिरी टोकं दिसतात. ती फुटायच्या आत चिमटीनं खुडून टाकावी लागतात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर असा पिवळा डाग पडतो की धुऊन जात नाही. मी एका मिनिटात दहा फुलं साफ करते. पूड माझ्या नखांत बसते, बाह्यांना लागते, ॲप्रनला लागते. ती आमच्या धंद्याची खूणच म्हणा.

गुरुवारी शेवटच्या तासाला पूर्ण उमललेल्या लिली राहिल्या होत्या. पूर्ण उमललेली लिली दुसऱ्या दिवशी विकली जात नाही, म्हणून आमच्याकडे राहिलेली फुलं ज्यानं त्यानं घरी न्यायची पद्धत आहे. मी पाच दांड्या नेल्या. यादी माझ्या डोक्यात पक्की होती, म्हणून फुलदाणी मुकादमाच्या वाटेत नको असं ठरवून मी ती थेट कपाटाच्या माथ्यावर ठेवली. स्वतःवर खूश झाले. ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि चहा करायला गेले. परत आले तर मुकादम ॲप्रनवर मुटकुळं करून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं दोनदा ओकारी काढली. दूध ठेवलं, त्याला तोंड लावलं नाही. मी फरशी पुसायला घेतली तरी देखरेखीला आला नाही. शोधला तर पलंगाखाली अगदी भिंतीला चिकटून बसलेला. नवऱ्याला म्हणाले, मी आज जात नाही कामाला, टोपली आण.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, बोलायला तुटक. तिनं त्याचं पोट दाबलं, जबडा उघडून बघितला.

“घरात काय खाल्लं असेल?”

“काही नाही,” मी छाती पुढे काढून म्हणाले, आणि वन्संची यादी पहिल्यापासून धडाधडा म्हणून दाखवली. कांदा, फिनेल, गोळ्या, कुंड्या. एकूण एक गोष्ट बंदोबस्तात.

तिनं मुकादमाचं तोंड दिव्याकडे वळवलं. हनुवटीखालची लव पिवळट दिसत होती. मग तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

“तुमच्या नखांत काय आहे?”

“लिलीची पूड. मी फुलांच्या दुकानात आहे. काल संध्याकाळी हा माझ्या कामाच्या ॲप्रनवर झोपला होता.”

मग तिनं आतल्या बाईला हाक मारून सलाइन लावायला सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

“मांजराला लिलीइतकं वाईट दुसरं काही नाही. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, काहीही. अंगाला लागलेली पूड चाटली तरी पुरे होते. मूत्रपिंडं निकामी होतात. तीन दिवस सलाइन लावून बघू. काल संध्याकाळचं आहे म्हणताय, म्हणून थोडी आशा आहे.”

“पण हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही!”

“सांगतात की. वेष्टनावर छापलेलं असतं. मांजराचं चित्र, वर आडवी रेघ.”

मी तिथंच बाकावर बसले. कारण ते चित्र मला आईच्या चेहऱ्याइतकं पाठ होतं. लिलीच्या प्रत्येक जुडीवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं, त्याच्या कोपऱ्यात एक गोल, गोलात मांजराचं तोंड, त्यावरून गेलेली एक रेघ. खाली परक्या भाषेत बारीक अक्षरांत एक ओळ. आम्हाला ती भाषा येत नाही. आम्हाला वाटायचं, तो माल पिकवणाऱ्यांचा छाप आहे. घोडाछाप, पोपटछाप असतो तसा. आम्ही त्या मालाला म्हणायचोच ‘मांजरछाप’. मांजरछाप लिली चांगली टिकते, असं मी स्वतः किती गिऱ्हाइकांना सांगितलंय! मालकीणबाई फोनवरून मागणी नोंदवायच्या, “मांजरछाप दोन खोकी पाठवा.” आणि ते पाठवायचे.

सतरा वर्षं ते मांजर माझ्याकडे बघत होतं, आणि मी रोज सकाळी ते कात्रीनं कापून कचऱ्यात टाकत होते.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले ती ॲप्रन न बांधता. कचऱ्याच्या पिंपातून एक वेष्टन काढलं आणि गल्ल्यावर मालकीणबाईंपुढे ठेवलं.

“ताई, हा छाप नाहीये. मांजरापासून लांब ठेवा असं लिहिलंय यावर. आमचा बोका मरायला टेकलाय.”

मला वाटलं त्या तोंडावर हात ठेवतील. खुर्चीतून उठतील. त्यांनी वेष्टन उचललं, घडी केली आणि खालच्या टोपलीत टाकलं.

“अगं, ते माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर पहिल्या दिवसापासून सांगते ना, खोकं उघडलं की आधी वेष्टनं काढा, आपला कागद लावा. एकदा एकीनं ते चित्र बघितलं आणि घेतलेला गुच्छ परत करून गेली.”

“आणि तुम्हीसुद्धा मांजरछाप म्हणायचात?”

“तुम्ही सगळ्या म्हणायचात म्हणून मीही म्हणायचे. हे बघ, गिऱ्हाईक फुलं घ्यायला येतं, भीती घ्यायला नाही. आणि सगळ्यांकडे कुठं मांजरं असतात?”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटत होतं की आम्ही सगळ्याच अडाणी, आणि त्यात थोडा तरी दिलासा होता. ही बाई अडाणी नव्हती. तिनं आमच्याच हातांनी इशारा काढून टाकायला लावला, आणि आम्ही त्याला टापटीप समजलो. मी तशीच दवाखान्यात गेले.

नवऱ्यानं फोन केला तशा दुपारी वन्सं तिथंच आल्या, लेकीकडचा मुक्काम अर्धवट सोडून. मुकादमाच्या पुढच्या पायाला पट्टी, पट्टीतून नळी, आणि सहा किलोंचा जीव टॉवेलवर पसरलेला. मी सगळं सांगितलं. ॲप्रन, पूड, वेष्टन, मालकीण. काही लपवलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कुंड्या लिहिल्या मी,” त्या म्हणाल्या. “फुलदाणी लिहायची राहिली. तू कुठं काम करतेस हे माहीत असून राहिली.”

“वन्सं, आता तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, माझं डोकं फिरेल!”

“तुझी चूक नाही असंही मी म्हणणार नाही. झोपलेल्या मांजराखालचं कापड कसलं आहे ते बघायचं होतंस.” त्यांनी मुकादमाच्या कानामागे बोट फिरवलं. “पण तुला माहीत नव्हतं. आता आहे. सोमवारी दुकानात काय करणार आहेस?”

सतरा वर्षांची नोकरी आहे, माझ्या वयाला दुसरी कोण देणार, हे सगळं मनात आलंच. खोटं कशाला बोलू?

रविवारी तो स्वतःहून पाणी प्यायला. सोमवारी सकाळी रक्ताची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाली, वाचला, पण मूत्रपिंडं आता पहिल्यासारखी राहणार नाहीत, जन्मभर वेगळं खाणं आणि दर दोन महिन्यांनी तपासणी. आणखी अर्धा दिवस उशीर केला असता तर हेही सांगायची वेळ आली नसती. वन्संनी टोपली उचलली आणि त्या थेट स्वतःच्या घरी गेल्या. आमच्याकडे आल्या नाहीत. मला ते लागलं, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी दुकानात गेले. ॲप्रन बांधला. मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, “बरा आहे ना बोका? झालं तर मग. इथं तो विषय काढायचा नाही.”

अकराच्या सुमाराला ते चष्मेवाले आजोबा आले. दर सोमवारी येतात, तीन वर्षांपासून. लिलीच्या तीन दांड्या, नेहमी माझ्याच हातच्या. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे, तिला हा वास आवडतो, म्हणून फुलं तिच्या उशाशी ठेवतात. मी दांड्या निवडल्या, कागद पसरला, आणि विचारलं, “आजोबा, घरात मांजर आहे का हो?”

गल्ल्यावरून मालकीणबाईंनी मान वर केली.

“आता नाही,” आजोबा म्हणाले. “होती एक. दोनच वर्षांची. हिच्या उशाशीच झोपायची. मागच्या थंडीत एकदम खायचं सोडलं, पलंगाखाली जाऊन बसली, आणि चौथ्या दिवशी गेली. ही अजून म्हणते, माझं दुखणं तिनं घेतलं.”

मी ठरवून आले होते की मांजर असेल त्याला सावध करायचं. मांजर मेलेल्या माणसाला काय सांगायचं, ते मी ठरवलं नव्हतं. गप्प बसले असते तर त्यांना कधी कळलं नसतं, आणि ती म्हातारी आपलंच दुखणं मांजरानं घेतलं म्हणत राहिली असती.

“आजोबा, तिनं कोणाचं दुखणं घेतलं नाही,” मी म्हणाले. “ती या फुलांनी गेली. याची पूड मांजराच्या पोटात गेली की मूत्रपिंडं जातात. मालाच्या वेष्टनावर तसं छापलेलं असतं. ते आम्ही काढून टाकतो.”

त्यांनी आधी फुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुम्हाला माहीत होतं?”

“छे हो आजोबा,” मालकीणबाई लगबगीनं गल्ल्यामागून बाहेर आल्या, “आम्हाला काय कल्पना असणार, आम्ही साधी फुलं विकणारी माणसं...”

“मला शुक्रवारी कळलं,” मी म्हणाले. “यांना पहिल्यापासून माहीत होतं.”