कानातली शिट्टी

ताईंचा धंदा आवाजांचा. सिनेमात कुणी जिना चढलं, दार लोटलं, कुणाच्या थोबाडीत बसली, की तो आवाज नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत, कुणीतरी हातापायांनी काढलेला असतो. इथे ते कुणीतरी म्हणजे ताई. खोलीभर जुनी पायताणं, कड्या, साखळ्या, गोणपाटं, आणि मारामारीसाठी कोबीचे गड्डे. काचेपलीकडे यंत्रावर बसणारे मामा म्हणायचे, ताईंनी बडवली तेवढी माणसं कुठल्या फौजदारानंही बडवली नसतील. वीस वर्षं त्यावर दोघं हसत आले होते.

या खेपेचा सिनेमा एका खऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर होता. कुलूप न तोडता चोर घरात शिरले, म्हातारी मारली गेली. संशय गेला किल्ल्या बनवणाऱ्या एका माणसावर. या अधिकाऱ्यानं, म्हणजे साहेबांनी, तीन दिवस मारून त्याच्याकडून कबुली घेतली. तो सात वर्षं आत सडला, मग खरा खुनी दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला. साहेब निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर त्यांना पश्चात्ताप झाला. तो इतका रीतसर झाला, की मुलाखती झाल्या, भाषणं झाली, आता सिनेमा होत होता. शेवटच्या प्रसंगात साहेब त्या माणसाच्या आईपुढे गुडघे टेकतात आणि ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवते.

मारहाणीचा प्रसंग तपासायला दिग्दर्शकानं साहेबांनाच पाठवलं. परीटघडीचे कपडे, अत्तराचा वास, बोलणं अगदी मऊ. ताईंनी कोबीवर पट्टा मारून दाखवला. साहेबांनी मान हलवली.

"हा पहिल्या दिवसाचा आवाज झाला," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी अंग सुजलेलं असतं. तेव्हा आवाज बसका येतो. टॉवेल आहे का?"

त्यांनी बाही दुमडली, टॉवेल भिजवून घट्ट पिळला, गड्ड्याभोवती गुंडाळला आणि पट्टा हातात घेऊन त्याचं वजन जोखलं. मग मारलं. पडद्यावरचा माणूस कळवळला त्याच क्षणी आवाज पडला, अचूक. साहेबांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर आली होती, बारीक काम करणाऱ्या कारागिराची येते तशी. काचेपलीकडून मामांनी सवयीनं अंगठा वर केला आणि लगेच खाली घेतला.

ताईंनी विचारलं, त्या माणसाचं नाव काय होतं.

साहेबांनी आठवून बघितलं. "आम्ही त्याला कुलूपवालाच म्हणायचो," असं म्हणून त्यांनी रुमालानं एकेक बोट पुसलं, टॉवेल मात्र दरवेळी असाच पिळून घ्या, असं बजावलं, आणि गेले.

तो गड्डा ताईंनी कचऱ्यात टाकला. हात दोनदा धुतले तरी अत्तराचा वास जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकाच्या कचेरीतून संशोधनाची फाइल मागवली. तिच्यात कुलूपवाल्याचं नाव होतं, पत्ता होता, आणि पुढे शेरा होता: भेटण्याची गरज नाही.

तो आता एका शाळेच्या बागेत पाणी घालत असे. किल्ल्यांच्या कामाला त्याला कोण उभं करणार? त्यानं ताईंना आपल्या उजव्या बाजूला बसवलं, कारण डावा कान गेला होता. सिनेमाविषयी त्याला काहीच माहीत नव्हतं. ताईंनी सांगितलं, त्यानं निमूट ऐकून घेतलं. मग आपणहून म्हणाला, मार बाहेरून कसा ऐकू येतो ते त्याला ठाऊक नाही, आतून कसा येतो ते ठाऊक आहे. आधी धप्प होतं, मग सगळं पाण्याखाली गेल्यासारखं, आणि मग एक बारीक शिट्टी. ती थोडी डगमगते, चढते, पण थांबत नाही. आजही थांबलेली नाही.

ताई परतल्या त्या झपाटल्यासारख्या. पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवून, तारेवर तार घासून त्यांनी ती शिट्टी दोन दिवसांत उभी केली. आपण कुणाची तरी बाजू घेतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दिग्दर्शकाला ती भलतीच आवडली. साहेबांनी डोळे मिटून ऐकली आणि अंगावर काटा आला म्हणाले. तिथल्या तिथे ठरलं, ही शिट्टी पूर्ण सिनेमाभर अधूनमधून वाजवायची, आणि आईनं डोक्यावर हात ठेवला की त्या क्षणी बंद करायची. प्रेक्षकांना हलकं वाटलं पाहिजे. साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. ताईंना साहेबांची शिसारी येत होतीच, आता स्वतःचीही आली.

त्या पुन्हा बागेत गेल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. कुलूपवाल्यानं नळी खाली ठेवली.

"आई मी आत असतानाच गेली," तो म्हणाला. "तो कधी आमच्या दारात आला नाही. आणि तुम्ही हे सिनेमात घालणार, असं मला विचारलं होतंत?"

"नाही."

"त्यानं मारून घेतलं, तुम्ही गोड बोलून घेतलंत. फरक एवढाच. पुसून टाका ते."

ताई तडक कामावर आल्या आणि मामांना म्हणाल्या, शिट्टी काढून टाकायची आहे, मूळ प्रत आणि नक्कल दोन्ही. मामांनी नोकरी जाईल याची आठवण करून दिली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही बाई, म्हणाले, आणि खुर्ची सोडून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताईंनी खुर्चीत बसून स्वतःच्या हातानं सगळं पुसलं.

दिग्दर्शकानं थयथयाट केला. एवढा क्षमेवरचा सिनेमा आणि तुमचं मन असं कोतं कसं, असं त्यानं विचारलं. ताई एवढंच म्हणाल्या, "ज्याची होती त्यानं परत मागितली." शेवटच्या प्रसंगाचं काम त्यांनी केलं नाही. दुसऱ्या एकानं यंत्रावर अर्ध्या दिवसात नवी शिट्टी बनवली. ती हातानं केलेल्या शिट्टीइतकी डगमगत नव्हती, पण कुणाला काही कळलं नाही. सिनेमा लागला, लोक हुंदके देऊन रडले. पहिल्या खेळाला साहेब उभे राहिले तेव्हा टाळ्या थांबेनात. ताई मागच्या रांगेत होत्या. त्या मध्येच उठून बाहेर आल्या.

हेही त्यांनी कुलूपवाल्याला जाऊन सांगितलं. आपली शिट्टी काढली, पण त्यांनी दुसरी घातलीच.

"ती त्यांची," तो म्हणाला. "तिचं त्यांनी काय ते करावं."

ताईंनी माफी मागितली. त्यानं ती नाकारली नाही, घेतलीही नाही. वाफ्यातलं पाणी दुसऱ्या बाजूला वळवत तो म्हणाला, "मी सांगितलं तसं केलंत, ते बरं केलंत. पण आता येत जाऊ नका. तुम्ही आलात की मला सगळं पहिल्यापासून आठवतं."

ताईंनी बरं म्हटलं, आणि त्या पुन्हा गेल्या नाहीत.