अर्मिंदोकाका आणि त्यांचा इंजिनिअर

फुकट मिळालं की माणसाची जीभ सैल सुटते. चौकातल्या माझ्या कॅफेत मी ते रोज संध्याकाळी सहा वाजता ऐकते.

उत्तर पोर्तुगालच्या या डोंगरात आमच्या गावात आता जेमतेम दीडशे माणसं उरलीत. बाकीची फ्रान्सला, लक्झेंबर्गला. माझ्या वडिलांच्या काळात कॅफेत भिंतीवर एकच फोन होता, मीटर लावलेला. माणसं काय बोलायचं ते कागदावर लिहून आणत. तीन मिनिटांत आईचं दुखणं, गाईचं वासरू, बहिणीचं लग्न सगळं उरकत आणि डोळे पुसत बाहेर पडत. आता माझ्याकडे वायफाय आहे, प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात मुलाने पाठवलेला स्मार्टफोन आहे, आणि बोलायला काडीचं काही नाही.

"जेवलास?"

"जेवलो. तू?"

"मीपण. काय जेवलास?"

असं तासभर. तेही पाय पसरून, माझ्या खुर्च्या अडवून.

या सगळ्यांचे मुकुटमणी म्हणजे अर्मिंदोकाका. वय शहात्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, वरच्या वाटेला चेस्टनटची झाडं आणि बटाट्याचं वावर. एकुलता एक मुलगा एल्देर लक्झेंबर्गला. काका मधल्या टेबलाशी बसायचे, फोनचा आवाज पूर्ण मोठा करायचे आणि कॅफेभर ओरडायचे, "काय इंजिनिअर! आज कुठला पूल बांधलास?"

पलीकडून दबका आवाज यायचा, "बाबा, मी कामावर आहे."

"ऐकलंत? कामावर आहे! सहा वाजले तरी सोडत नाहीत त्याला. माणूसच तसा लागतो!"

पत्ते खेळणारे माना डोलवायचे. ओतिलिया, जिचा जावई पॅरिसच्या बँकेत आहे, ती तोंड वाकडं करायची. मी कपबशा विसळत मनात म्हणायची, बापाला मुलगा नको आहे, मिरवायला झूल हवी आहे.

नाताळनंतर काकांनी स्पीकर बंद केला. फोन कानाला लावून बोलू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "मोठ्या अधिकाऱ्याचं बोलणं चारचौघांनी ऐकायचं नसतं, देओलिंदा." मला काय, कानांना तेवढाच आराम.

मे महिन्यात एका दुपारी वीज कडाडली आणि माझा राउटर जळाला. धूरच निघाला त्यातून. ओतिलियाने तीनदा फोन लावून पाहिला, नशिबाला शिव्या दिल्या आणि पत्ते बघत बसली. माझ्या वायफायशिवाय आमच्या डोंगरात कुणाच्या फोनवर इंटरनेट येत नाही, साधी रेंजही नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

सहा वाजता अर्मिंदोकाका आले. कुणाला काही न विचारता मधल्या टेबलाशी बसले, फोन कानाला लावला.

"काय इंजिनिअर! हो हो, मी मजेत. काय म्हणतोस? बढती? अरे वा!"

पत्ते थांबले. झेफेरिनो हातातल्या पत्त्यांकडे असा बघत बसला जणू त्यात बायबल छापलंय. ओतिलियाने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. पण माझी जीभ कधी कुणाचं ऐकते?

"काका," मी म्हटलं, "इंटरनेट दुपारपासून बंद आहे. बढतीची बातमी कोण देतंय तुम्हाला, तुमचाच कान?"

फोन अजून कानाशी होता. काकांनी तो खाली घेतला, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, खिशात ठेवला. टोपी घातली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

"तुझी जीभ आहे की विळा?" ओतिलिया म्हणाली.

"खोटं त्यांनी बोलायचं आणि पाप माझ्या माथी?"

मी तोऱ्यात बोलले खरी, पण दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी मधलं टेबल पुसून मोकळं ठेवलं. चार दिवस काका फिरकले नाहीत. नाताळपासून स्पीकर का बंद होता ते मला आता कळलं, पलीकडे कुणी नव्हतंच. पाचव्या दिवशी नवा राउटर बसला आणि पहिला फोन मी एल्देरलाच लावला. त्याच्या लग्नात त्याने नंबर दिला होता. म्हटलं, या साहेबाला चांगला झाडते.

"एल्देर, मी देओलिंदामावशी. बाप रोज फोनपुढे एकटा बडबडतोय आणि तुला उचलायला हात नाहीत का रे? इंजिनिअर झालास म्हणून बाप विसरलास?"

त्याने आधी कुठलंसं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, मी फरशा बसवतो. लोकांच्या न्हाणीघरात, गुडघे टेकून. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी जवळची खुर्ची ओढून बसले.

"मी फोन उचलला की पलीकडे अख्खं गाव. नाताळाच्या सुमारास एकदा मुकादम शेजारी होता, आपल्याच बाजूचा, आपली भाषा कळणारा. त्याने 'इंजिनिअर' ऐकलं. आठवडाभर सगळे मला 'इंजिनिअरसाहेब, सिमेंट कालवा' म्हणत होते. त्या दिवसापासून नाही उचलत."

"मग तसं बापाला सांगायचंस!"

"कुठे सांगू? कॅफेसमोर?"

मी कॅफेला कुलूप लावलं आणि वरची वाट धरली. काका बटाट्याला माती लावत होते.

"आलीस हसायला?"

"हसायला डोंगर चढत नाही मी, काका. गुडघे दुखतात माझे. एल्देरशी बोलले."

कुदळ थांबली. मी सगळं सांगितलं, साखर न घालता. ते ऐकत राहिले, मग एकदम उसळले.

"ओतिलियाचा जावई बँकेत, झेफेरिनोची पोरगी नर्स. मी काय सांगू? माझा मुलगा परक्यांच्या मोऱ्या करतो म्हणून?"

"तुमच्या घरची मोरी कुणी केली?"

"त्यानेच. दोन वर्षांमागे, ऑगस्टमध्ये आला होता तेव्हा."

"दाखवा."

"काय वेड लागलंय का तुला?"

पण त्यांनी दाखवली. निळ्या-पांढऱ्या फरशा, सांधा असा की सुरीचं पातं शिरणार नाही. कोपऱ्यात पाइपाभोवती फरशी गोल कापली होती, कातडं कापावं तशी. मी हात फिरवून पाहिला. काका दारात उभे. रोज तिथे अंघोळ करणारा माणूस, पण त्या भिंतीकडे असे बघत होते जणू कुणी आत्ताच उभारून गेलंय.

"कोपऱ्याला पूर्ण एक दिवस लागला त्याला," ते म्हणाले. "मी ओरडलो होतो, सुट्टीला आलास की कामाला?"

"छान. अजून काय काय ओरडलात?"

ते फरशीवरचा मातीचा ठिपका अंगठ्याने पुसू लागले.

सोमवारी भर दुपारी ते कॅफेत आले. कुणी नव्हतं. मधलं टेबल सोडून खिडकीशी बसले आणि फोन कानाला घट्ट लावला. तिकडे जेवणाची सुट्टी असावी.

"एल्देर? मी आहे. एकटाच आहे." घसा खाकरला. "आज कुठली फरशी बसवतोयस?"

मग ते गप्प झाले. इतका वेळ गप्प बसलेले अर्मिंदोकाका मी जन्मात पाहिले नव्हते. मधूनच "हं" म्हणत. एकदा म्हणाले, "नाही रे, चूक माझीच."

आणि नेमकी ओतिलिया दारात आली. "काय म्हणतो इंजिनिअर?"

काकांनी फोनवर हात ठेवला. "फरशा बसवतो तो. आणि तू जरा तोंड मीट, मला ऐकू येत नाही."

ओतिलियाने तोंड मिटलं, चौक ओलांडेपर्यंत. संध्याकाळपर्यंत घराघरांत बातमी. दोन दिवस गाव हसलं. तिसऱ्या दिवशी तोच झेफेरिनो, सगळ्यात मोठ्याने हसलेला, काकांच्या शेजारी येऊन बसला आणि गोड आवाजात विचारू लागला, एल्देर ऑगस्टमध्ये आला तर आमच्या स्वयंपाकघराची भिंत बघेल का.

"त्यालाच विचार," काका म्हणाले. "मी त्याचा मुकादम नाही."