कमलम्माचा अंगठा

"पोट रिकामं ठेवून या, असं काल सांगितलं होतं," योगाचे शिवमूर्ती मास्तर म्हणाले. "सगळे उपाशीच आलात ना?"

"बहात्तरच्या दुष्काळात आख्खं गाव योगीच होतं की, मास्तर," मागून कमलम्मा बोलली आणि शाळेचं मैदान हसलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या उत्साहात अहमदपुरात शिबिर भरलं होतं. बेंबीमागं मणिपूर चक्र असतं, तिथं अग्नी राहतो, असं मास्तर सांगत होते. कमलम्माला त्याचं काय नवल! तिचा जन्मच सरकलेल्या बेंब्या बसवण्यात गेलेला. अंगठा टेकवला की ठोका कुठं उडतोय ते तिला कळायचं. मग पोटावर पणती पेटवून वर तांब्या पालथा घालायचा, की बेंबी मुकाट्यानं आपल्या घरी. स्टँडवर रुसून बसलेली एस.टी.सुद्धा तिनं पोट चोळून चालू केली होती म्हणे. तो ड्रायव्हर आजही शपथेवर सांगतो.

नेम एकच. बेंबी बसली की उठायच्या आधी दोन घास खायचे, नाहीतर ती पुन्हा सरकते. आणि घास बसवणारणीनं द्यायचा.

दुष्काळात बाया दिवसभर खडी फोडायच्या आणि दिवस कलला की कमलम्माच्या ओसरीवर येऊन आडव्या व्हायच्या. शेजारची जगदेवी तर दिवसाआड. अंगठा सांगायचा, बेंबी जागच्या जागी आहे. कमलम्मा म्हणायची, "लई सरकली गं बाई." तांब्या लावायची, भाकरीचा तुकडा हातावर ठेवायची.

तो तुकडा तिच्या नवऱ्याच्या, वीरण्णाच्या ताटातून यायचा. तोही खडीवरच होता. "तुमची बघू का?" ती विचारायची. तो धोतर आवळून घ्यायचा.

"माझी जागेवर हाय. मला भूक न्हाई. जगदेवीला दे, तिचं लेकरू अंगावर पितंय." आणि आपली अर्धी भाकरी पुढं सरकवायचा.

गावाचं खोटं अंगठ्याखाली ओळखणारी बाई नवऱ्याच्या शब्दावर निर्धास्त राहिली.

एका दुपारी वीरण्णा खडीच्या ढिगाला टेकून बसला, तो उठलाच नाही. लिंगायतांच्या रीतीनं त्याला समाधीसाठी मांडी घालून बसवताना तिचा अंगठा सवयीनं बेंबीवर गेला. पोट पाठीला जाऊन चिकटलं होतं. त्या दिवसापासून तांब्या फळीवर पालथा पडला, तो पडलाच.

"आता हात बेंबीवर ठेवा," मास्तर म्हणाले.

कमलम्मानं ठेवला नाही. "मास्तर, एखादं माणूस भूक न्हाई म्हणतंय. खरं का खोटं, कसं कळावं?"

"हात लावून बघायचा, अम्मा. लगेच कळतं."

"हाव," ती म्हणाली. "कळतं."

शिबिर सुटलं. तिनं पदराची गाठ सोडून भाकरी मोडली. अर्धी हातात धरली, अर्धी शेजारच्या रिकाम्या जागेकडं सरकवली. सतरंज्या गुंडाळणारे आले, म्हणाले, अम्मा, उठा आता.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "त्यांचं खाणं व्हायचंय."

त्यांनी तेवढी सतरंजी शेवटाला ठेवली.