शीरवाली सिस्टर

त्या दवाखान्यात खाटा नव्हत्याच. सकाळी यायचं, मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसायचं, हाताला सुई, डोक्यावर बाटली, आणि दिवस कलला की आपापल्या घरी. कॅन्सरचं औषध घ्यायला आलेली माणसं आधी बाहेरच्या हॉलमध्ये टोकन धरून बसायची. आणि नुसतं बसून माणूस करणार काय? गप्पा मारायची. गप्पांत सगळ्यांत वरचा नंबर सिस्टरचा.

सिस्टर म्हणजे तिथली थोरली नर्स. हॉलमध्ये तिचं नाव पडलं होतं शीरवाली. जिथे बाकीचे टोचून टोचून हात टेकायचे, तिथे हिला पहिल्या झटक्यात शीर सापडायची. आता एवढं अगदी खरं होतं. पण एवढ्यावर थांबेल तो हॉल कसला? एका म्हाताऱ्याचा म्हणे लाकडी पाय होता. सिस्टरने डोळे मिटून त्यातून रक्त काढलं, आणि रिपोर्टमध्ये त्या पायाला शुगर निघाली. कोणी म्हणायचं, ती नुसती फुंकर मारते, मग शीर आपण होऊन वर येते आणि विचारते, "मला बोलावलंत?" एका बाईच्या नवऱ्याला तर घोरता घोरता सुई लागली आणि घोरण्याचा सूरसुद्धा मोडला नाही.

सिस्टर म्हणायची, "काहीतरीच तुमचं." पण लाकडी पायाची गोष्ट निघाली की ट्रे हातात घेऊन दारात जरा रेंगाळायची. घरी गेली की नवरा विचारायचा, "आज कोणत्या टेबलाच्या पायातून काढलंस?" ती वरवर रागवायची. दिवसभर लोकांची उलटी, लोकांचं रडणं, लोकांचे गळलेले केस. त्यात एवढी एकच गोष्ट तिच्या वाट्याची गोड होती, आणि ती तिने सोडली नाही.

लाकडी पायाची गोष्ट रचली होती टेलरमावशीने. मावशी लेडीज टेलर होती. दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तिने आयुष्यभर थापाच मारल्या होत्या. एका बाईची कंबर इतकी बारीक, की टेप दोनदा गुंडाळूनही उरली. दुसरीची इतकी मोठी, की मावशी टेप घेऊन सकाळी निघाली ती जेवायच्या वेळेला परत पोचली. हे सगळं चेहरा सरळ ठेवून. छातीतली डाव्या बाजूची गाठ काढल्यावर तिला औषधं सुरू झाली, तेव्हा दवाखान्याचं हसू जागं झालं म्हणा ना.

पण मावशीची एक अडचण होती. ज्या बाजूची गाठ काढतात, त्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही, हात सुजतो. म्हणजे डावा हात बाद. राहिला उजवा, कात्री धरायचा. त्यातल्या शिरा औषधाने एकेक करून जळत गेल्या, वाळलेल्या दोऱ्यासारख्या कडक झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "छातीत कातडीखाली एक छोटी डबी बसवू. औषध तिच्यातून देता येईल. हाताला त्रास नाही."

मावशी म्हणाली, "एका बाजूचं काढून घेतलंत, आता दुसऱ्या बाजूला डबी शिवणार. मी काय ब्लाउज आहे का खिसा लावायला?"

डॉक्टर हसले. "मावशी, थट्टा नाही."

"थट्टा कुठे करतेय? सिस्टरला सापडते की शीर. तिला विचारा."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ती म्हणाली, "बघते मी. सापडेल." डॉक्टर म्हणाले, "आजच्या दिवस बघ, पण डबीची तारीख घेऊन टाका." तारीख कोणी घेतली नाही. पुढच्या वेळीही सापडली. त्याच्या पुढच्या वेळीही.

मग तो दिवस आला. त्या दिवशी लाल औषध होतं. दिसायला सरबतासारखं, पण शिरेच्या बाहेर एक थेंब सांडला तर मांस जाळतं. म्हणून ते बाटलीने सोडून देत नाहीत. सिस्टर शेजारी बसून, सिरिंजने, हळूहळू ढकलते. मध्ये मध्ये थांबायचं, दट्ट्या मागे ओढायचा, रक्त येतंय ना बघायचं, मगच पुढे. आणि हे औषध तळहाताच्या मागच्या बाजूला द्यायचं नाही, तिथे कातडीखाली लगेच बोटं हलवणाऱ्या दोऱ्या असतात. हे ती नव्या पोरींना शिकवायची. तोंडपाठ.

कोपरापासून मनगटापर्यंत तिने सगळा हात चाचपला. काही नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवली, परत चाचपला. काही नाही. शेजारच्या खुर्च्यांतली माणसं बघत होती. धाकटी सिस्टर हळूच म्हणाली, "ताई, राहू दे का आज? डॉक्टरांना सांगू?"

तेवढ्यात तळहाताच्या मागे, अंगठ्याच्या मुळाशी, बोटाखाली काहीतरी हललं. बारीक. सिस्टरने सुई घातली आणि रक्त आलं.

"बघा," मावशी शेजारच्यांना म्हणाली, "सांगत होते ना."

सिस्टरने लाल सिरिंज जोडली. एकदा मागे ओढून पाहिलं, रक्त होतं. ढकलायला लागली. मावशीने लाकडी पायाची गोष्ट सुरू केली, आणि त्या दिवशी ती गोष्ट काय रंगली म्हणता. पायाला शुगर निघालीच, वर पायाला पथ्य लागलं, म्हातारा गोड खायचा आणि पाय रुसून दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहायचा. सगळी खोली हसत होती. ज्या बाईच्या तोंडात फोड आले होते तीसुद्धा तोंड धरून हसत होती. सिस्टरही हसली.

"जळजळत नाही ना, मावशी?"

"तुझ्या सुईने? कळतसुद्धा नाही."

परत मागे ओढून बघायचं तिच्याकडून राहिलं. विचारलं होतं ना. मावशी बोलत होती, हसत होती. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा तिने घट्ट धरला होता, तो सिस्टरच्या नजरेच्या पलीकडच्या बाजूला होता.

गोष्ट संपली आणि सिस्टरने खाली पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी उशीच्या कोपऱ्यासारखा फुगवटा आला होता. कडेने लाल.

तिने हात थांबवला, जे मागे ओढता येईल ते ओढून घेतलं, बर्फ मागवला, डॉक्टरांना बोलवायला पोरीला पिटाळलं. सगळं बरोबर केलं. ते आता करून उपयोग किती, तेही तिला माहीत होतं.

"दुखत होतं ना?" तिने हळू आवाजात विचारलं.

"सुरुवातीपासून," मावशी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "विस्तवावर धरल्यासारखं."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी माणसं ऐकत होती गं. मी सांगतेय तुझी सुई कळत नाही, आणि मीच बोंब मारू? तुझं नाव गेलं असतं, पोरी."

आधी फोड आला. मग कातडी काळी पडली. मग तिथे खड्डा पडला आणि खड्ड्यात पांढऱ्या दोऱ्या दिसायला लागल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं, मांडीची कातडी आणून वर लावली. जखम भरली. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं उघडी राहिली ती उघडीच. मिटेनात. मावशी कात्रीच्या कड्यात अंगठा घालायची आणि कात्री नुसती लोंबायची.

सिस्टरने सगळं लेखी कळवलं होतं, कुठे सुई लावली, किती वेळा तपासलं नाही. डॉक्टर तिला म्हणाले, "सांगितलं होतं तुला," आणि पुढे काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि हॉल? हॉलने नवीन गोष्ट रचली. औषधाची बाटलीच खराब आली होती म्हणे. दुसरी कोणी असती तर बाईचा हात खांद्यापासून गेला असता. शीरवालीने तोंडाने विष ओढून काढलं आणि बेसिनमध्ये थुंकलं, बेसिनला भोक पडलं. दोघं-तिघं जण बेसिन बघून आले. सिस्टर हॉलमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "खराब काही नव्हतं. ती चूक माझी होती." एक आजोबा शेजारणीला म्हणाले, "बघा, किती साधी आहे. स्वतःवर घेते."

मावशीची औषधं अजून बाकी होती. जखमेपायी आधीच उशीर झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डबी नाही तर औषध नाही, आणि औषध नाही तर आजार परत येईल. मावशी सुनेला घेऊन आली. तिने डॉक्टरांची खोली ओलांडली, सरळ सिस्टरच्या खुर्चीत येऊन बसली आणि डावा हात पुढे केला.

"हा आहे की."

"मावशी, त्या हाताला चालत नाही."

"सुजेल तर सुजेल. शिरा बघ कशा टपोऱ्या आहेत. तुला तर डोळे मिटून लागेल."

सून म्हणाली, "सिस्टर, त्या डबीला हो म्हणतच नाहीत. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. लावा ना तुम्ही."

शीर समोर होती. निळी, सरळ. सिस्टरचं बोट तिच्यावर जाऊनही आलं. तिने हात मागे घेतला.

"मी लावणार नाही," ती म्हणाली. "या हाताला नाही, त्या हाताला नाही. मी सुई लावत गेले म्हणून तुम्ही डबी टाळलीत, आणि मी टाळू दिली. मला ऐकायला गोड वाटायचं म्हणून."

"घाबरलीस होय?"

"हो."

"लोकांसमोर म्हणतेस?"

"लोकांसमोरच म्हणते. ते शीरवालीबिरवाली सगळं पुरे झालं, मावशी. नकोय मला ते नाव."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा थाप मारतानासारखाच सरळ होता.

"नकोय," ती म्हणाली. "मग मी बोटं कशासाठी घालवली?"

सिस्टरने तो पुढे केलेला हात धरायचा प्रयत्न केला, मावशीने तो काढून घेतला आणि सुनेला म्हणाली, "चल. कुठे बसवतात ती डबी ते बघू."

डबी बसली. मावशी परत यायला लागली, पण आता धाकट्या सिस्टरच्या खुर्चीत बसायची. गोष्टी सांगायची नाही. डोळे मिटून पडायची. हॉलमधल्या गप्पाही हळूहळू दुसऱ्या कशाकशावर गेल्या. सिस्टरला शीर अजूनही पहिल्या झटक्यात सापडायची, पण ज्यांचे हात थकले त्यांना ती स्वतःच डॉक्टरांकडे पिटाळायची, कोणी रागावलं तरी. एक-दोघांनी तिच्याकडे येणं सोडलं.

शेवटच्या औषधाच्या दिवशी धाकटी सिस्टर दुसरीकडे गुंतली होती. औषध संपलं, सुई निघाली, सून रिक्षा बघायला गेली. मावशी उघड्या ब्लाउजने बसून राहिली. बटण धरायची आणि ते सुटायचं. धरायची, सुटायचं.

सिस्टर येऊन समोर उभी राहिली. विचारलं नाही. खालचं बटण घेऊन लावायला लागली. काज इतकं अरुंद होतं की बटण जाता जाईना.

"हे शिवलंय कोणी?"

"सुनेने. शिकतेय."

"काज चुकलंय."

"माहितीये मला," मावशी म्हणाली. "आता तोंडाने सांगते मी. तोंडाने शिवून होत नाही."

सिस्टरने खालून वर एकेक बटण लावत नेलं. मावशी हलली नाही. सून दारातून हाक मारत होती. मग मावशीने हनुवटी जरा वर केली.

"गळ्याजवळचं राहिलं," ती म्हणाली.