लोंब्याची सोयरीक

आमच्या किन्हवलीत लोंब्यासारखा कुत्रा दुसरा नाही. पाय इतके आखूड की पोट जमिनीला घासतंय असं वाटावं, आणि कान भाताच्या लोंबीसारखे खाली आलेले. माझा मुलगा भावेश कल्याणला कामाला होता, त्याने तिथून हे बॅसेट हाउंड जातीचं पिल्लू आणलं. मी भडकलोच. "राखनीला काय उपेग याचा? हा उठंपर्यंत चोर घरी जाऊन जेवंल!" भावेश नुसता हसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली आणि बघता बघता तो गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं त्याचं. मागे राहिला हा लोंब्या.

तेव्हापासून माझ्या बायकोने, गीताबाईने, एकच ध्यास घेतला. लोंब्याचं पिल्लू हवं. भावेशच्या हातचं काहीतरी घरात पुढे चालू राहायला हवं. मुरबाडच्या रुचिताबाई शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे याच जातीची कुत्री आहे. होतील त्या पिल्लांतलं एक आमचं, असं ठरलं. गीताने सोयरीक जमल्यासारखा नारळच आणून ठेवला. मी चिडवलं, "हलदपन लाव गो नवरदेवाला!" भावेश गेल्यानंतर पहिल्यांदा ती खळखळून हसली.

लोंब्याच्या पापण्या मुळातच लोंबलेल्या, डोळे कायम लाल. त्यामुळे उजवा डोळा जास्त लाल झाला तरी कुणी मनावर घेतलं नाही. भातझोडणी चालू होती, कुसळ गेलं असेल म्हणून आम्ही पाणी मारत राहिलो. मग डोळा निळसर पडला, सुजला, आणि बिचारा भिंतीला डोकं टेकवून बसायला लागला. तेव्हा कुठे शहापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "हा डोळा गेला. दुसराही जाईल, औषधाने थोडं लांबवू. या जातीत पाठ, कान, डोळे, बरीच दुखणी रक्तातूनच येतात. याची पिल्लं काढू नका, त्यांच्याही वाट्याला हेच येऊ शकतं."

गीता पदराने लोंब्याचा डोळा पुसत राहिली. मला ते बघवेना. घरी आल्यावर मीच म्हणालो, "कोनाला कलतंय? काठी लागली म्हनून सांगू मुरबाडला. तू मनाला लावून घेऊ नको."

लोंब्याला मुरबाडला न्यायच्या ठरल्या दिवशी ती लुगडं बदलून, नारळ पिशवीत टाकून तयार. लोंब्याला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. मला वाटलं, माझं पटलं हिला.

मुरबाडला रुचिताबाईंनी दार उघडलं. "अगोबाई, डोळ्याला काय झालं याच्या?"

"काठी..." मी सुरुवात केली.

"काठी नाय लागली," गीता म्हणाली. "रक्तातलं दुखनं हाय. आंधला होनार तो. तुमच्या पोरीला याचं पिल्लू नको बाय. आमी नाय म्हनायला आलो."

"मावशी, फोन केला असता तरी चाललं असतं."

"सोयरीक दारात येऊन मोडावी," असं म्हणून तिने नारळ त्यांच्या हातात दिला.

रस्त्यावर येताच मी तिच्यावर ओरडलो. "सगलीच काय आंधली निघतात? येखादं बरं निघालं असतं ना!"

"आनि नसतं निघालं तं?" ती म्हणाली. "अवो, येक लेकरू माज्या डोल्यांदेखत गेलं. आता दुसरं मुद्दाम जल्माला घालून बघू?"

जीप थांबतात तिथे, सगळ्या माणसांसमोर, ती लोंब्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. भावेशच्या दहाव्यालाही एवढी रडली नव्हती. मीही रडलो. लाज वाटली नाही.

होळीच्या आधीच लोंब्याचा दुसरा डोळा गेला. घरातलं सामान हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय, सवयीने वाट सापडते त्याला. पडवीत भावेशची मोटारसायकल आहे. ती दिसली की भावेशच दिसतो, म्हणून काढून टाकू असं मी कितीदा म्हणालो होतो. आता लोंब्या तिच्या चाकाला नाक लावतो, तिथून वळतो आणि पाण्यापर्यंत पोचतो. गाडी आहे तिथेच राहणार. रोज सकाळी दार उघडलं की मला ती बघावी लागणार.